जिरगीची बिजाई

मोहटोल्याच्या धानगिरणीवर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. शेजारच्या गावचा बाजार गुरुवारचा, त्यामुळे जंगलाकडची माणसं धान घेऊन यायची, गिरणीवर ठेवायची आणि बाजार करून परत जाताना तांदूळ घेऊन जायची. पूर्वी ती बैलबंडीनं येत, आता ऑटोनं येतात, काही अजूनही डोक्यावर घेऊन येतात. मृग लागून चार दिवस झाले होते, आभाळ भरलेलं होतं, पण वारा पडलेला. माणसं बसल्या जागी घामानं भिजत होती.

गिरणीच्या भिंतीवर मारोतरावांनी स्वतःच्या हातानं गेरूनं तीन ओळी लिहिल्या होत्या. नंबर सगळ्यांचा. कोंडा ज्याचा त्याचा. गिरणीची चूक गिरणी भरेल. मारोतरावांना जाऊन अकरा वर्षं झाली. दर दिवाळीला रुखमाबाई त्या अक्षरांवर पुन्हा गेरू फिरवायची. मुलगा निकेश म्हणायचा, "माय, आता फ्लेक्सचा जमाना आहे. मोठ्या मिलवाल्यायनं कोंडा कधीचाच आपला केला, अन् आपण अजून कोंडा बांधून देऊन राह्यलो."

"देऊन राह्यलो म्हणून तर लोक इथी येऊन राह्यले," रुखमाबाई म्हणायची, आणि बोलणं तिथंच संपायचं. पण ते संपत नव्हतं हे तिला ठाऊक होतं. तिला चौसष्टावं लागलं होतं. आपल्यामागं या गिरणीत यंत्र राहील, पट्टा राहील, पण त्या तीन ओळी राहतील का, हा घोर तिच्या जिवाला होता.

त्या दिवशी लाईट अकराला आली. कोसमटोल्याची बुधरी सकाळी आठलाच येऊन बसली होती. उंच, काळीसावळी, हनुवटीवर गोंदण, पन्नाशीची बाई. बरोबर धानाची दोन पोती आणि जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं एक गाठोडं. तिचा नंबर सातवा.

"मी बजारातून येतो वो बाई. इथी ठेवतो," ती रुखमाबाईला म्हणाली.

"जाय. नंबर आला तर मी भरडून ठेवतो. तुहा नंबर जाऊ नाई देत."

दहा माणसं बोलत होती, यंत्र सुरू होत होतं. बुधरीनं पोत्यांकडे हात केला, गाठोडं पोत्यांमागं सरकवलं आणि ती गेली.

नंबर आला तेव्हा ती आलेली नव्हती. मागच्या अंकुशनं लगेच आपलं पोतं पुढं ढकललं. "ते बाई गेली बजारात. माहं घ्या."

"तिचा नंबर आहे, तिचंच होईल," रुखमाबाई म्हणाली. मुखरू हा गिरणीवरचा जुना माणूस. त्याच्या भुवयासुद्धा कोंड्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं दोन्ही पोती यंत्राच्या तोंडात ओतली. तांदूळ भरला, कोंडा वेगळा बांधला. मग रुखमाबाईला पोत्यांमागचं गाठोडं दिसलं.

ते तिनं सोडलं आणि तिचा हात थांबला. बारीक, जिऱ्यासारखा दाणा, काळपट टोकाचा. मूठभर नाकाशी नेला. साठ वर्षं मागं कुठं तरी एक दार उघडल्यासारखं झालं. तिच्या माहेरी पावसाळ्यात पाहुणा आला की आई हे धान ढेकीत कांडायची. भात शिजला की शेजारची माणसं ओसरीवरून विचारायची, कोण आलं वो तुमच्या घरी? पुढं ढेकी गेली, मग धानही गेलं. जाडं, भरघोस, सरकारी नंबराचं धान आलं.

"मुखरूभाऊ, जिरगी आहे हे!" ती म्हणाली. "देवाच्या भातासाठी आणली असन. याले तुमी हात नका लावू. मी भरडतो."

लहान गाठोडं आलं की ते सणासुदीचं, शेवटी आणि जपून भरडायचं, ही गिरणीची रीत होती. तिनं यंत्राचं तोंड फडक्यानं पुसलं, आधीचे दाणे झटकले, पट्टा सैल केला. ओंजळी-ओंजळीनं जिरगी सोडली. एक दाणा तुटू दिला नाही. गिरणीभर वास पसरला. रांगेतली माणसं उठून बघायला आली.

दुपारी दोनला बुधरी परतली. तांदूळ पाहिला, कोंडा पाहिला. मग पोत्यांच्या मागं पाहिलं.

"बाई, माही बिजाई कुठी आहे? पेरायचं धान?"

रुखमाबाईच्या हातात सूप होतं. सुपात जिरगीचा तांदूळ होता, गरम अजून. तिनं सुपाकडं पाहिलं आणि बुधरीकडं पाहिलं.

बुधरी खाली बसली. तांदूळ तळहातावर घेतला, बोटानं उलटापालटा केला.

"आज येता येता भावाच्या घरून आणली व्हती," ती म्हणाली. "मायच्या लुगड्यात बांधून. माह्या घरची सारी डुकरायनं खाल्ली. दीड पायली व्हती. तेवढीच व्हती."

अंकुश हसला. "आता काय करतं बाई, तांदूळ तर झाला. खीर करून खाऊन टाक!"

निकेश पुढं झाला. "हे पाय मावशी, चूक झाली. मी तुले थैलीतली बिजाई देतो. एक नाई, पाच पायली देतो. पहिल्या नंबरची."

"थैलीतल्या धानाले दिवाळीलोक पानी लागते, बाबू. माही धानाची बांधी टेकाडाच्या पोटाशी आहे. दसऱ्याले तिच्यात पाय वाळून जाते. जिरगी दसऱ्याच्या आधी पिकते, म्हणून आमी खातो." बुधरी उठली. भिंतीकडं बोट केलं. "मले वाचता येत नाई. पर तुहा बाप वाचून दाखवे. तिसरी ओळ काय आहे ते मले मालूम आहे."

सगळी रांग रुखमाबाईकडं बघत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"भरतो," ती म्हणाली. "जिरगीची जिरगी भरतो. आठ दिवस दे."

बुधरीनं दोन पोत्यांचा तांदूळ उचलला. जिरगीच्या तांदळाला तिनं हात लावला नाही.

ती गेल्यावर निकेश हळूच म्हणाला, "माय, काऊन बोलली असं? तांदळाचं धान होते का कुठी? नाई मिळालं तर साऱ्या तालुक्यात नाव खराब."

"नाव तर दुपारीच खराब झालं," रुखमाबाई म्हणाली. "आता नीट करायचं आहे. गाडी काढ."

गिरणी मुखरूच्या हवाली करून ती मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसली. पदराच्या टोकाला तिनं त्या तांदळाची एक मूठ बांधून घेतली होती. पहिल्यांदा ती बुधरीच्या भावाकडं गेली. त्यानं उरलेली सगळी कालच शेतात टाकली होती. दुसऱ्या दिवशी चामोर्शीच्या कृषी केंद्रात गेली. तिथला माणूस तिच्याकडं बघून म्हणाला, "आजी, हे नाव मी बापजन्मात ऐकलं नाई. कंपनी कोणती?" तिसऱ्या दिवशी चार गावं झाली. एका घरी लाह्यांपुरती होती. दुसऱ्या घरी म्हातारी म्हणाली, "होती ना, माही सासू होती तवा होती." ऊन कोंदलेलं, रस्त्याला गिट्टी. रुखमाबाईची कंबर रात्री अंथरुणावर टेकत नव्हती. सून चंचल तिला तेल लावता लावता म्हणाली, "आई, तुमी फोनवर इचारा ना साऱ्यायले."

"बिजाई फोनवर देत नाई वो कोणी."

चौथ्या दिवशी नदीपलीकडच्या मुरंगुड्यात पत्रूभाऊचं नाव निघालं. मुरंगुडा म्हणजे वीस-बावीस घरं, मोहाच्या झाडांखाली. पत्रू अंगणात बांबूची ताटी विणत बसला होता. सत्तरीचा, वाळका, एका कानानं कमी ऐकणारा.

"जोहार, भाऊ," रुखमाबाई म्हणाली.

"जोहार." त्यानं ताटीवरची नजर काढली नाही.

तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता, मोठ्यानं. पदर सोडून तांदूळ त्याच्या हातावर ठेवला. पत्रूनं दोन दाणे तोंडात टाकले, दाढेखाली धरले, डोळे मिटले.

"आमच्याच घराची आहे," तो म्हणाला. "माही आत्या कोसमटोल्याच्या बाजूले दिली व्हती. तिनं नेली असन. कोणं भरडली?"

"मी."

"चांगली भरडली." तो हसला नाही. "आहे माह्यापाशी. माही पेरून दीड-दोन पायली उरन."

निकेशनं खिशात हात घातला. "किती द्यायचे, काका?"

"बिजाई आमी इकत नाई. बापानंही नाई इकली." पत्रूनं सुरी बाजूला ठेवली. "ज्याले पाह्यजे त्यानं बांधीत काम करायचं. त्याचा घाम जाते, मंग बिजाई जाते. अशी रीत आहे. माही सून बाळंत झाली. पोरगा तेलंगणात मिरची तोडाले गेला, अजून वापस नाई आला. बांधीचा पार फुटला आहे, धसकटं तशीच आहे. चार दिवसाचं काम आहे."

"मी उद्या दोन मजूर पाठवतो," निकेश म्हणाला. "तीन पाठवतो."

पत्रूनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं.

"चूक मजुरायनं केली का?"

रुखमाबाईनं चपला काढल्या. "फावडं कुठी आहे, भाऊ?"

तीस वर्षं तिनं फावडं धरलं नव्हतं. पहिल्या दिवशी धसकटं उपटली. वाळून टणक झालेली मुळं, खुरपं लावून एकेक काढायची. दुपारपर्यंत हाताला फोड आले, संध्याकाळी फुटले. दुसऱ्या दिवशी फुटलेला पार, बांधीभोवतीचा मातीचा बांध, बांधायचा होता. खालची ओली माती कापायची, ढेकूळ उचलायचं, फटीत बसवायचं, पायानं दाबायचं. पावसाची एक सर येऊन गेली होती, माती फावड्याला चिकटत होती. चार फावडी झाली की ती उभी राहून श्वास घ्यायची. वाटेनं जाणाऱ्या बाया थांबायच्या.

"हे कोण वो?"

"गिरणीवाली आहे म्हणते, मोहटोल्याची."

"मंग इथी काऊन खपून राह्यली? गिरणी बुडाली काय?"

"बुडू नाई म्हणून खपून राह्यलो, बाई," रुखमाबाई वाकल्या वाकल्या म्हणाली. बाया हसल्या. त्यातल्या एकीनं डोक्यावरची घागर उतरवून तिला पाणी पाजलं.

निकेश सकाळी तिला सोडायचा, संध्याकाळी घ्यायला यायचा. पारावर उभा राहायचा, मोबाईल काढायचा, पुन्हा खिशात घालायचा. चामोर्शीचा एक व्यापारी एकदा तिथून ट्रॅक्टरवर गेला. निकेशला ओळखून म्हणाला, "काय निकेशभाऊ, आईले रोजीवर लावलं का?" निकेशचे कान लाल झाले. घरी जाताना तो नदीच्या पुलावर गाडी उभी करून म्हणाला, "माय, माही इज्जत गेली आज."

"माही नाई गेली," ती मागून म्हणाली. "उलट आली असं वाटते. चाल, भूक लागली."

तिसऱ्या दिवशी खत फेकलं. टोपल्या भरून डोक्यावर, वीतभर अंतरानं ढीग, मग हातानं पांगवायचं. उन्हात तिला एकदा चक्कर आली. पत्रूनं तिला मोहाखाली बसवलं, आंबिलीचा वाडगा पुढं केला. बसल्या बसल्या ते जुन्या धानांची नावं काढत राहिले. तो एक नाव घ्यायचा, ती दुसरं. कोणतं पाण्यात उभं राहायचं, कोणत्याचे पोहे गोड, कोणत्याचं तणस बैल खायचा नाही. बावीस नावं निघाली. त्यातली तीनच त्याच्या घरात होती.

"तुमच्या गिरण्यायनंच मारली बाकीची," पत्रू म्हणाला. "बारीक धान गिरणीत तुटे. लोकायनं लावणं सोडलं."

रुखमाबाईनं वाडगा खाली ठेवला. तिनं टोपली उचलली आणि पुन्हा बांधीत उतरली.

चौथ्या दिवशी दुपारी काम संपलं. पत्रू पारावरून चालत गेला, ठिकठिकाणी टाच दाबून पाहिली. मग घरात जाऊन पानांत गुंडाळलेला, वेलीनं आवळलेला पुडा घेऊन आला. पायलीनं मोजलं, शीग लावून. दीड पायली झाली. वर त्यानं आणखी दोन ओंजळी टाकल्या.

"ह्या कशाच्या?"

"पार मजबूत झाला."

आठव्या दिवशी, ठरल्याप्रमाणं, रुखमाबाई कोसमटोल्याला पोचली. बुधरी मोहाच्या टोळ्या, तेलाच्या बिया, फोडत बसली होती. तिनं पुडा घेतला, पण "आली का" असंही म्हटलं नाही. तिची नजर रुखमाबाईच्या हातांवर गेली. तळव्यांना हळद लावून चिंध्या बांधल्या होत्या. बुधरीनं पाट सरकवला. मग घमेल्यात पाणी घेतलं, बिजाई त्यात सोडली, हातानं ढवळली. वर तरंगलेले दाणे काढून टाकले. फार थोडे होते.

"बसलं धान," ती म्हणाली. "पर बसलं म्हणून उगवन असं नाई. आठ दिवस उशीर झाला आहे, बाई. आता रोपायसाठी पऱ्हे टाकीन, ते रोवणीले येईन तवर साऱ्यायचे मजूर गुंतून जाईन. टेकाडावरचं पानी एक दिवस थांबते. त्या दिवशी रोवणी झाली तर झाली."

"तवा सांगावा पाठव."

"पाठवीन," बुधरी म्हणाली. तिच्या आवाजावरून तिचा विश्वास बसलाय की नाही हे कळत नव्हतं.

बुधरीनं बिजाई ओल्या पोत्यात, तणसाखाली, दगड ठेवून दाबली. तिसऱ्या दिवशी पांढरे मोड आले. निरोप गिरणीवर आला तेव्हा मुखरूनं यंत्र बंद करून सगळ्यांना ओरडून सांगितलं, आणि अंकुशसुद्धा म्हणाला, "चला बाप्पा, सुटलो एकदाचे!" जणू त्याचीच बिजाई होती.

जुलैच्या शेवटी रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी उघडला. सात वाजता कोसमटोल्याच्या एका माणसाचा फोन आला. बुधरीच्या बांधीत पाणी उभं आहे, उद्या राहणार नाही, आणि रोवणीला बाई मिळत नाही. त्या दिवशी गुरुवार होता. गिरणीवर नऊ नंबर लागले होते.

निकेश म्हणाला, "गुरुवारी गिरणी बंद?"

रुखमाबाई रांगेपुढं उभी राहिली. "आज मुखरूभाऊ एकटेच गिरणी चालवन. हळू चालन. ज्याले घाई आहे त्यानं दुसरीकडं न्यावं, मी राग नाई करत." दोन माणसं उठून गेली. सात बसून राहिली.

चंचलनं लुगड्याचा काष्टा घातला. दोघी गाडीपाशी उभ्या होत्या, तेवढ्यात निकेश घरातून आला. अर्धी चड्डी, बाबांचा जुना बनियान. कोणाकडं न बघता त्यानं गाडी सुरू केली.

बांधी लहानच होती, टेकडीला चिकटलेली, तीन पायऱ्यांची. वरच्या पायरीचं पाणी खाली निसटत होतं, ते दिसत होतं. बुधरी, तिची सून रिना, रुखमाबाई, चंचल आणि निकेश असे पाच जण ओळीत वाकले. चिखलात पाय पोटरीपर्यंत जात होते. जिरगीची रोपं मऊ, पातळ, बुडाशी जांभळट. दोन बोटांनी चिखलात सोडायची, बोट काढून घ्यायचं, मागं सरकायचं. दुपारी भाकर बांधावर उभ्या उभ्या खाल्ली. रुखमाबाईची कंबर आता दुखत नव्हती, ती दुखण्याच्या पलीकडं गेली होती. शेवटची पायरी उरली तेव्हा पाणी घोट्याखाली आलं होतं.

निकेश एका कोपऱ्यात पुढं निघून गेला होता. झपाझप लावत होता. बुधरी त्याच्यामागून आली, वाकली, एक रोप चिमटीत धरून वर ओढलं. रोप अल्लद आलं. दुसरं खोल रुतलेलं, नुसती पाती वर.

"बाबू," ती म्हणाली. "हे वारा आला का निंगून जाईन. हे कुजून जाईन. उपट. पुन्हा लाव."

"सारं?" निकेशनं मान वळवून पाहिलं. दीडशे-दोनशे रोपं होती.

"सारं."

चंचलनं सासूकडं पाहिलं. रुखमाबाईला वाटलं आपण बोलावं, मी लावतो म्हणावं. तिनं हातातलं रोप चिखलात सोडलं, पुढचं घेतलं आणि मान खाली घातली. पण तिचे कान त्या कोपऱ्यात होते.

बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मग आला. एक पाऊल मागं, मग दुसरं. निकेश पहिल्या ओळीपाशी परत गेला होता. त्यानं वाकून पहिलं रोप उपटलं, मुळाची माती पाण्यात खळखळून धुतली.

"मावशी," तो म्हणाला, "किती खोल, ते एकदा दाखव."

बुधरीनं आपलं बोट त्याच्या बोटाशेजारी चिखलात घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत.

"इथलोक."

"इथलोक," निकेश म्हणाला, आणि लावायला लागला.